हाकेला ओ न देणारा माणूस

नोकरीतल्या बहुतेक फायली मी निवृत्तीच्या दिवशी मनातूनही बंद केल्या. एक मात्र बंद होत नाही. चैत्राचं ऊन चढलं आणि मोहाच्या फुलांचा गोडसर, डोकं जड करणारा वास वाऱ्यावर आला की ते दोन दिवस जसेच्या तसे समोर उभे राहतात. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, कुणाला बढती मिळावी असंही काही नव्हतं. एक माणूस जंगलात हरवला होता आणि ऊन वाढत होतं, एवढंच. पण एवढी धास्ती मी हत्यारबंद आरोपीसमोर उभा असतानाही घेतली नव्हती.

मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाण्याची मागची भिंत संपली की सागवान सुरू व्हायचं. रविवार होता. बाजारातलं एक भांडण मिटवून, दोन्ही बाजूंना सारखाच दम देऊन मी नुकता खुर्चीत टेकलो होतो. तेवढ्यात एक पांढरी मोटार फाटकातून आत आली आणि दोन तरुण उतरले. दोघेही ऊर्जानगरच्या वसाहतीत राहणारे, वीज केंद्रात नोकरीला. एक वरोऱ्याचा, अंगापिंडाने दणकट आणि बोलका. दुसरा चष्मेवाला. तो बोलण्यापेक्षा घामच जास्त पुसत होता.

“साहेब, आमचा दोस्त सापडून नाई राह्यला,” वरोऱ्याचा म्हणाला.

हरवलेला मित्र त्यांच्याच विभागातला अभियंता. सांगलीकडचा माणूस, इकडे बदलून येऊन वर्षही झालं नव्हतं. तिघं त्या सकाळी रस्त्यालगतच्या तलावावर सहलीला गेले, जेवले, आणि तो फोटो काढायला म्हणून झाडीत शिरला तो परतलाच नाही, असं दोघांचं म्हणणं होतं. मी दोघांना वेगवेगळं बसवून जबाब घेतले. दोन्ही जबाब शब्दाला शब्द जुळले, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. खरं बोलणाऱ्या दोन माणसांच्या सांगण्यात थोडाफार फरक पडतोच. एकाला भाजी तिखट होती हे आठवतं, दुसऱ्याला ऊन आठवतं. इथे दोघांना तेच आठवत होतं, आणि त्याच क्रमाने.

पण संशय घेऊन बसायला वेळ नव्हता. मनुष्य मिसिंग दाखल केलं, नियंत्रण कक्षाला कळवलं, वनविभागाला निरोप दिला आणि आहे ती माणसं घेऊन तलाव गाठला. हरवलेल्याचा फोन बंद होता. शेवटचं टॉवर लोकेशन मिळालं, पण आमच्या भागात एकेका टॉवरखाली डोंगराच्या दोन्ही बाजू येतात, त्यामुळे त्या माहितीचा उपयोग शून्य. अंधार पडेपर्यंत आम्ही तलावाभोवतीची झाडी विंचरून काढली. ना बुटाचा ठसा, ना मोडलेली फांदी. शेवटी वनपालांनी मला थांबवलं. मोहाच्या दिवसांत अस्वलं फुलं खायला उतरतात आणि अचानक समोर आलेल्या माणसाला ती विचारपूस करत नाहीत. वाघ निदान बाजूला तरी होतो. माझी माणसं अंधारात जखमी झाली तर उद्या शोधायला कोण जाणार, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी परत फिरलो, पण पाय निघत नव्हता.

ठाण्यात त्याची पत्नी येऊन बसली होती. शेजाऱ्यांनी आणून सोडलं होतं. लहानखुरी बाई, मांडीवर पिशवी, पिशवीत त्याचे धुतलेले कपडे. रडत नव्हती. मला पाहून उभी राहिली आणि एकच विचारलं, “साहेब, त्यांच्याजवळ पाणी आहे का?”

मी विषय बदलायला म्हणून विचारलं, की आज सकाळी घरून निघताना ते काय म्हणाले होते. “आज सकाळी? ते काल संध्याकाळीच गेलेत. रात्रपाळी आहे म्हणाले होते.”

म्हणजे नवऱ्याने बायकोला एक सांगितलं होतं आणि मित्रांनी पोलिसांना दुसरं. खरी जागा कुणालाच ठाऊक नव्हती. तीन गेले, दोन आले आणि दोघं खोटं बोलत आहेत, हे गणित पोलिसाच्या डोक्यात एकाच ठिकाणी जातं. त्या बाईच्याही डोक्यात ते गेलं असावं, कारण त्यानंतर तिने त्या दोघांकडे पाहणं सोडलं. मी दोघांना पुन्हा विचारलं, उलटसुलट विचारलं, आवाज चढवून विचारलं. दोघं तलावाला घट्ट धरून बसले. ठाण्यात त्या रात्री कुणाचा डोळा लागला नाही.

सकाळी माझी माणसं पुन्हा तलावाकडे निघायच्या तयारीत असताना डोंगरापलीकडच्या एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

“साहेब, आमच्या गावच्या बाया मोह येचाले गेल्या होत्या. नाल्याकडं एक मानूस दिसला म्हनते. शहरातला होता. बायांनी हूऽऽ देल्ला, तं तो झुडपात जाऊन बसला. ओ नाई देल्ली.”

इथे थोडं सांगायला हवं. आमच्या जंगलात माणसं एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. मोह वेचायला, सरपणाला, बांबूला गेलेली माणसं दूरवर लांबट ‘हूऽऽ’ देतात. पलीकडून तसाच ‘हूऽऽ’ येतो. मी इथे आहे, तू कुठे आहेस, सगळं ठीक आहे, एवढं सगळं त्या एका आवाजात येतं. ‘हूऽऽ’ला ओ न देणारा माणूस म्हणजे चोर नाहीतर शिकारी, असं गावाचं साधं गणित. म्हणून त्या बाया घाबरून परत आल्या होत्या.

मी फोन त्यातल्या एकीला द्यायला सांगितला. “कसा होता तो माणूस, बाई?”

“निळा सदरा होता, साहेब. हातात पांढरी कॅन होती. लंगडून राह्यला होता.”

निळा सदरा. मिसिंगच्या नोंदीत तोच लिहिला होता. माणूस जिवंत होता! पण तलावापासून एवढ्या लांब, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, आणि माणसांना पाहून लपत होता. आनंद करावा की काळजी, तेच कळेना.

मी बाहेर आलो. ती पांढरी मोटार आवारातच उभी होती. मी वाकून टायर पाहिले. खाचांमध्ये पिवळट, चिकट असं काही दबून बसलं होतं. नखाने खरवडून नाकाला लावलं. मोहाची फुलं. तलावाभोवती नुसता बांबू आणि सागवान. मोहाचं झाड तिथे औषधालाही नाही.

वरोऱ्याच्या त्या मित्राला बाहेर बोलावलं. काही विचारलं नाही. बोटावरचं ते चिकट त्याच्या नाकासमोर धरलं आणि म्हणालो, “वरोऱ्याचा आहेस ना? मग हा वास काय आहे ते तुला सांगायला नको.”

तो खालीच बसला. दणकट माणूस मोडला की जरा जास्तच आवाज करून मोडतो. हुंदके आवरल्यावर त्याने सांगितलं ते असं. शनिवारी संध्याकाळी तिघं डोंगरापलीकडच्या राखीव जंगलात आतल्या रस्त्याने शिरले. तंबू टाकून रात्र काढायची, सकाळी व्हिडिओ करून परत यायचं, असा बेत होता. परवानगी नव्हती. वणव्याचे दिवस असून शेकोटीही केली. रविवारी सकाळी अभियंता कॅन घेऊन नाल्याच्या डबक्यावर पाण्याला गेला आणि परतताना चुकला. जंगलात पायवाट दिसली की शहरातला माणूस तिच्यावर विश्वास टाकतो. पण ती वाट चितळांची असते. चितळांना काही गाडीकडे जायचं नसतं. या दोघांनी थोडी शोधाशोध केली, मग घाबरून मोटारीकडे परतले. खरी जागा सांगितली तर वनविभागाची केस होईल, नोकरीवर गदा येईल, म्हणून मोटारीत बसल्या बसल्या तलावाची गोष्ट तयार केली आणि रस्ताभर पाठ केली.

“बरं,” मी म्हणालो, “पण तो लपतो का? बायांना पाहून माणूस लपतो का रे?”

तो मान वर करीना.

“बोल. तिकडं ऊन चढून राह्यलं.” त्याच्याशी बोलताना माझीही भाषा त्याच्यासारखी झाली.

“साहेब, मीच सांगतलं होतं त्याले,” तो म्हणाला. “आत शिरतानाच सांगतलं. म्हटलं, फॉरेस्टवाले जंगलात एकमेकाले असाच हूऽऽ देते. ऐकू आला का चुपचाप खाली बसजो, आवाज नोको करू. सापडला तं केस, न नोकरी गेली समज. तो नवीन आहे ना साहेब. त्याले वाटलं का खरंच हाय.”

“आणि तुला काय वाटलं?”

“मले बी भेवच वाटून राह्यलं होतं.”

मी तिथूनच गाड्या काढायला ओरडलो. कारण वनपालांनी तोपर्यंत पोलीस पाटलाला सांगून गावकऱ्यांना पलीकडच्या जंगलात पाठवलंही होतं. पन्नासेक माणसं एका ओळीत फळी धरून निघाली होती आणि दर काही पावलांवर ‘हूऽऽ’ देत होती. म्हणजे ज्याला वाचवायचं तो लंगडत त्यांच्यापासून दूर दूर जाणार. आमचीच माणसं त्याला हाकून आणखी आत घालणार होती.

पाटलांना फोन लावला, पण जंगलात रेंज नव्हती. गाड्या निघाल्या. ती बाई कुणाला न विचारता माझ्या गाडीत येऊन बसली. मी उतरायला सांगणार होतो, पण तिचा चेहरा पाहून दार लावून घेतलं. वाटेत तिने पुन्हा तेच, पाण्याचं, विचारलं, आणि या वेळी मला सांगता आलं, की हातात कॅन होती म्हणे. “भरलेली?” ती म्हणाली.

नाल्यापाशी पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. चैत्रातलं आमच्याकडचं ऊन ज्यांनी पाहिलं नाही त्यांना काय सांगावं! सागवानाला पान नसतं, सावली नसते, दगडाला हात लाववत नाही. पोलीस पाटील पुढे आले. ‘हूऽऽ’ बंद करायला सांगितल्यावर ते माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत राहिले, पण माणसं थांबवली. मग त्यांनी मला नाल्याची वाळू दाखवली. बुटाचा ठसा होता, एक पाय फरफटलेला. त्याच्यावर, अगदी त्याच्यावरच, वाघाचं पाऊल होतं. बुटाची रेघ त्या पावलाखाली दबली होती, म्हणजे वाघ मागाहून गेला होता. ती बाई गाडीतच होती याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

गाडीत हातात धरायचा भोंगा होता. मी हवालदाराला सांगितलं, नावाने पुकार. हवालदार जुना माणूस, कोर्टात ड्यूटी केलेला. त्याने भोंगा तोंडाशी धरला आणि नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही खणखणीत आवाजात पुकारलं. झाडी तशीच उभी राहिली. पुन्हा पुकारलं. वळून पाहतो तर गावकरी खाली बसलेले.

“काऊन बसले हे?” मी पोलीस पाटलांना विचारलं.

“साहेब, जंगलात नाव घेऊन हाका नाई मारत. नाव जंगलाले समजलं का मंग जंगलच त्या नावानं बलावते. मानूस आत आत जाते. नाव घ्याल तं आमचा एक बी मानूस पुढं नाई येनार.”

एरवी मी त्यांच्याशी वाद घातला असता. त्या दिवशी वादाला वेळ नव्हता. ‘हूऽऽ’ देता येत नव्हता, नाव घेता येत नव्हतं, आणि त्या वाळूतल्या ठशांनंतर गावकऱ्यांवाचून आत शिरणं माझ्या माणसांच्या जिवाशी खेळणं होतं. काय करावं ते खरोखर सुचेना.

गाडीचं दार वाजलं. ती बाई उतरून आली होती.

“साहेब, मी हाक मारू?”

मी पोलीस पाटलांकडे पाहिलं. ते जरा विचारात पडले. “मारू द्या, साहेब. पन नाव नोको घेऊ म्हना बाईले.”

“मी कुठे नाव घेते त्यांचं?” ती म्हणाली.

तिने भोंगा हातात घेतला. तो कसा धरायचा तेही तिला ठाऊक नव्हतं. हवालदाराने बटण दाबून धरलं. तिने एक दीर्घ श्वास घेतला आणि हाक मारली, “अहोऽऽ!”

लांब कुठेतरी वानर खेकसलं. ती थोडी थांबली, आणि मग जेवण वाढून ठेवल्यावर घराघरातून जो आवाज येतो, अगदी त्याच आवाजात तिने पुन्हा हाक मारली, “अहोऽऽ, ऐकताय का? कुणी काही म्हणणार नाही. या ना!”

आणि नाल्याच्या पलीकडून, जांभळीच्या गर्द झाडोऱ्यातून, घोगरी, फुटलेली, पण स्पष्ट ओ आली.

“ओऽऽ.”

ती बाई तिथेच मटकन खाली बसली आणि पहिल्यांदा रडली. माझ्या हवालदाराने तोंड फिरवलं. मीही फिरवलं. पोलीस पाटलांनी मात्र वेळ घालवला नाही. त्यांनी माणसं उठवली आणि सगळी फळी एका दमात नाला ओलांडून गेली.

जांभळीच्या मुळांत तो अंग मुडपून बसला होता. घोटा सुजून वर आला होता, ओठ फाटले होते, कॅनमध्ये तळाला थोडं पाणी शिल्लक होतं. दोघांनी धरून उभा केला तेव्हा माझ्या गणवेशाकडे बघत तो पहिलं वाक्य बोलला, “साहेब, केस होणार का माझ्यावर?”

“आधी पाणी प्या,” मागून त्याची बायको म्हणाली. “मग तुमच्या रात्रपाळीचं बघते मी.”

जिल्हा रुग्णालयात मी त्याचा जबाब घेतला. मोहवाल्या बायांचा ‘हूऽऽ’ त्याने ऐकला होता. गावकऱ्यांचाही ऐकला होता, आणि दर वेळी दुखऱ्या पायाने तो आणखी आत सरकला होता. भोंग्यावरून नाव ऐकलं तेव्हा तर, त्याच्याच शब्दांत, “नाव आडनावासकट पोचलं म्हणजे सगळं संपलं असं वाटलं. कोर्टातच पुकारा होतोय असं वाटलं.” वाघ त्याला दिसला नव्हता. ते ठसे मी त्याला कधी सांगितले नाहीत.

“मग ‘अहो’ला ओ कशी दिलीत?” मी विचारलं. “तो आवाज बायकोचाच आहे हे भोंग्यातून कळलं?”

“आवाज कुठे कळत होता, साहेब,” तो म्हणाला. “पण या जंगलात मला अहो म्हणणारं दुसरं कोण आहे?”

वनविभागाने पुढे तिघांवर रीतसर कारवाई केली, आणि ती व्हायलाच हवी होती. वणव्याच्या दिवसांत राखीव जंगलात आग पेटवणं ही थट्टा नाही. त्या दोघांवर खोटी माहिती दिल्याची कारवाई मीही केली. पण त्यातल्या कुणाचीही नोकरी गेली नाही. ज्या भीतीने एक माणूस जिवाला मुकणार होता, ती भीती मुळात एवढीशी होती.

जंगलात जाऊ नका, असं मी कुणाला सांगत नाही. जंगलाच्या कडेला आयुष्य काढलेला माणूस ते कोणत्या तोंडाने सांगणार? जा, पण परवानगी घेऊन, वाटाड्या घेऊन जा. आणि जाताना घरातल्या एका तरी माणसाला खरी जागा सांगून जा. सांगायला लाज वाटेल अशी जागा असेल तर तिथे जाऊच नका. चुकलात तर वाट शोधत फिरू नका. पाण्याजवळ, पण पाण्यापासून जरा बाजूला, कारण पाण्यावर तुमच्याआधी हक्क असलेले बरेच असतात, सावली धरून एका जागी बसा. आणि कुणीही हाक मारली, कशीही मारली, तरी ओ द्या. फॉरेस्टचा असो, पोलिसाचा असो, चोराचा असो, माणसाचा आवाज आला म्हणजे तुम्ही वाचलात.

एवढं मी शाळा-कॉलेजांत सांगत फिरलो. जे सांगत फिरलो नाही ते इथे लिहितो. त्या माणसाला वाघाची भीती होती, अस्वलाची होती, तहानेची होती. पण त्या सगळ्यांपेक्षा मोठी भीती आमची होती. पाणी घेऊन निघालेला माणूस आणि बेड्या घेऊन निघालेला माणूस त्याला दुरून सारखाच दिसत होता. त्यानंतर जेवढी वर्षं गणवेश अंगावर होता, तेवढी वर्षं कुणालाही हाक मारण्यापूर्वी माझ्या मनात हा विचार यायचा, की माझ्या हाकेने हा माणूस पुढे येईल की झुडपात लपेल.

आता गणवेश ट्रंकेत आहे. सकाळी मी व्हरांड्यात पेपर वाचत असतो आणि आतून हाक येते, “अहोऽऽ.” पूर्वी तिसऱ्या हाकेखेरीज माझं डोकं पेपरातून बाहेर येत नसे. आता पहिल्याच हाकेला मी मोठ्याने ओ देतो. बायको समजते की निवृत्तीने मी सुधारलो. मी तिला काही सांगत नाही. ओ देतो आणि उठून आत जातो.